हळद न ओळखणारी काच

सातारचे प्रतापसिंह महाराज 1839 साली पदच्युत झाले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये दागेरच्या छायाचित्रणाची घोषणा झाली. प्रतापसिंहांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब 1848 मध्ये वारले, राज्य खालसा झालं. आणि फ्रेडरिक स्कॉट आर्चरची छायाचित्रणाची ओल्या काचेची पद्धत जाहीर झाली 1851 मध्ये. म्हणजे सातारचं राज्य ओली काच येण्याआधीच संपलं. सांगलीचं नशीब वेगळं. तिथे 1851 मध्येच धुंडिराव तात्यासाहेब पटवर्धन गादीवर आले ते 1901 पर्यंत. ओल्या काचेचा उदय आणि अस्त, दोन्ही एकाच कारकिर्दीत.

चितार्‍याने राजाला चार छटा गोरा केला तरी कोणी हरकत घेत नसे. चित्रात चितार्‍याची मर्जी असायचीच. काचेने ही समजूत मोडली. मधे माणसाचा हात नाही, मग खोटं बोलणार कोण?

हात मात्र भरपूर होता. काचेवर कोलोडियन ओतून ते चारी कोपर्‍यांपर्यंत फिरवायचं, अंधार्‍या खोलीत काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेर्‍यात घालायची आणि लगेच धुवायची. सगळं दहा-पंधरा मिनिटांत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहूनही घाईने. समोरचा माणूस तोवर मानेमागे लोखंडी टेकू घेऊन ताठ बसलेला. जुन्या फोटोंतल्या करारी मुद्रांचं श्रेय थोडं त्या टेकूलाही द्यायला हवं.

खरी गोम रंगांत होती. या काचेला निळा-जांभळा प्रकाश कळतो. पिवळा आणि लाल जवळजवळ कळतच नाही. सांगलीची बाजारपेठ ज्या हळदीवर उभी आहे, ती हळद अशा फोटोत काळपट येते. कुंकू काळं, भगवा फेटा काळा, निळं लुगडं मात्र धुतल्यासारखं पांढुरकं. सावळी कातडी तर आहे त्याहून कितीतरी गडद.

आणि याच काचांच्या भरवशावर विल्यम जॉन्सनने 1863 पासून मुंबईतल्या जातीजमातींची पुस्तकं काढली. पुढे 1868 ते 1875 दरम्यान ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. माणसांचे नमुने मांडून खाली वर्णनं. वर्णावरून माणूस जोखणार्‍या काळाने वर्ण नीट न दिसणारं यंत्र साक्षीला बोलावलं, याची मला गंमत वाटते आणि चीडही येते. मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीत (स्थापना 1854) डॉ. भाऊ दाजींसारखी आपली माणसं होती, हरिश्चंद्र चिंतामण यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. पण काच त्यांच्याही हातात तीच.

1873 मध्ये रसायनशास्त्रज्ञ फोगेलने रंगद्रव्यं मिसळून काचेची नजर पिवळ्या-हिरव्यापर्यंत वाढवली. लोक मात्र शास्त्रासाठी थांबले नव्हते. फोटोवर हाताने रंग भरून घ्यायची चाल पडली. कुंकू पुन्हा लाल झालं, जरीकाठ पिवळा. ज्याला हटवलं तो चितारी मागच्या दाराने परत आला. घरच्यांना तोच फोटो अधिक खरा वाटला, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं.

जुन्या संग्रहांत फोटोखाली नाव असतं, साल असतं. काच कोणत्या जातीची होती, तेही लिहायला हवं. निदान कोणाच्या वर्णाबद्दल बोलण्याआधी.