दहा हजारांत आठ

जुलै 2002 मध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मुदतीआधीच थांबवला गेला. पाळी गेल्यावर घ्यायच्या हॉर्मोनच्या गोळ्यांची जी धास्ती तेव्हा जगभर बसली, ती अजून पुरती ओसरलेली नाही. त्या भागातल्या 16,608 बायकांपैकी सुमारे निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन मिळून एक गोळी दिली होती, बाकीच्यांना औषध नसलेली. स्तनांच्या कर्करोगात 26 टक्के वाढ झाल्याची बातमी पसरली. आकडा खरा होता. त्याची फोड मात्र फार थोड्यांपर्यंत पोचली: गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला 30 जणींना हा कर्करोग होत होता, घेणाऱ्यांमध्ये 38 जणींना. जास्तीच्या आठ. या आठ जणींना क्षुल्लक म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. पण 26 टक्के ऐकलं की शंभरातल्या सव्वीस जणी डोळ्यांपुढे येतात, आणि तसं काही घडलेलं नव्हतं. शिवाय या बायकांचं सरासरी वय 63 होतं. साठी ओलांडलेल्या शरीरावर औषध काय करतं, हे त्यातून कळलं. पन्नाशीच्या आतबाहेर, अंगातून उठणाऱ्या गरम वाफांनी हैराण झालेल्या बाईने ते घ्यावं की नाही, हा प्रश्न वेगळा होता. ज्यांची गर्भपिशवी काढलेली होती त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं गेलं. तो भाग 2004 मध्ये थांबवला, तेव्हा पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला, स्तनांच्या कर्करोगाचा नाही. म्हणून हॉर्मोन चांगले की वाईट, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. कुणाला, कोणत्या वयात, कोणत्या वाटेने, असं विचारायला हवं.

यातल्या ‘वाटे’कडे आपलं सर्वांत कमी लक्ष गेलं आहे. गोळीतलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं. त्वचेवर लावायची पट्टी किंवा जेल ती वाट टाळते, आणि आजवरच्या निरीक्षणांत तिने रक्ताच्या गुठळ्या वाढलेल्या दिसत नाहीत. योनीचा कोरडेपणा, लघवीची जळजळ एवढाच त्रास असेल तर तिथेच लावायचं कमी मात्रेचं मलम पुरतं, त्यातलं रक्तात फारसं उतरत नाही. स्तनांचा कर्करोग होऊन गेलेल्या बाईने मात्र वाफांसाठी हॉर्मोन टाळावेत हे बरोबरच आहे, आणि तिच्यासाठीही आता दारं बंद नाहीत. इस्ट्रोजेन घटलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं, जराशा उष्णतेनेही घाम फोडतं. त्या केंद्राला चेतवणारा संदेश अडवणारं फेझोलिनेटंट हे बिगरहॉर्मोन औषध अमेरिकेत 2023 मध्ये मान्य झालं. ते घेताना यकृताची तपासणी करत राहावी लागते. नैराश्यावरच्या काही औषधांच्या कमी मात्रेनेही वाफा उतरतात. सोयाबीनमधल्या घटकांवर पुष्कळ प्रयोग झाले, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

पाळी जाणं निसर्गाचं आहे, आजी-पणजीने निभावलंच ना, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. निसर्गाचं आहे हे खरं, पण चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होणंही निसर्गाचंच आहे, आणि चष्म्याला कुणी हरकत घेत नाही. वारंवार येणाऱ्या वाफा सरासरी सात वर्षांहून जास्त टिकतात असं अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत दिसलं आहे. सात वर्षं मोडलेली झोप ही सोसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: यामागे औषधांचा बाजार आहे. आहेच. 1966 मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकी डॉक्टरने रजोनिवृत्तीला आजार ठरवून कायम तारुण्याचं स्वप्न विकलं, आणि 1975 मध्ये नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग वाढतो हे उघड झालं. पिशवी असलेल्या बाईला सोबत प्रोजेस्टेरॉन देतात ते या धड्यामुळेच. बाजारावरचा संशय राखावा. त्यापायी त्रासात असलेल्या बाईवरच अविश्वास दाखवू नये.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो बीडमध्ये. 2019 साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांत चाळिशीही न गाठलेल्या पुष्कळ. पाळीच्या दुखण्याने खाडा झाला की मजुरी बुडते, वर दंड बसतो, आणि कर्करोगाची भीती घातली की बाई ऑपरेशनला तयार होते. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर तिला एका दिवसात रजोनिवृत्ती येते; हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. अशा बाईला, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, यावर जगभरच्या वैद्यकीय मार्गदर्शिकांचं जवळपास एकमत आहे. पिशवीच नसल्याने तिला बहुधा प्रोजेस्टेरॉनही लागत नाही. म्हणजे 2002 च्या बातमीतली गोळी तिची नव्हेच. तरी कंबर धरून मोळ्या उचलणाऱ्या पस्तिशीच्या बाईला मिळते ती वेदनाशामक गोळी. सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरवर ‘पिशवी काढली’ एवढंच लिहून भागत नाही. तिथे आणखी दोन नोंदी हव्यात: अंडाशय ठेवले की काढले, आणि तेव्हा तिचं वय काय होतं.