जामीन कोण राहणार?

अमेरिकेत पहिलं घर भाड्याने घेताना तुमच्यासाठी कुणी सही केली होती का? माझ्यासाठी एका काकांनी केली. क्रेडिट हिस्ट्री शून्य, पहिला पगार व्हायचा होता. ते जामीन राहिले म्हणून किल्ली मिळाली. तुरुंगातून सुटायला लागतो तोही जामीनच.

मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला होता. खाली मात्र दंडाधिकाऱ्यांनी रक्कम ठरवली दहा हजार रुपये. भाऊ जामीन राहायला तयार झाला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तोही नाकारला! अखेर १९७८ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधले असे कच्चे कैदी समोर आले, की ज्यांना दोषी ठरल्यावर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ ते खटल्याविनाच आत होते. गरीब आरोपीला मोफत वकील मिळणं हा त्याचा हक्कच आहे, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं.

आमच्या मंडळाच्या बैठकीत मी सुचवलं, यंदाच्या देणगीतला थोडा भाग अशा कायदेशीर मदतीला देऊ. एका सद्गृहस्थांनी विचारलं, "त्यांच्यात खरे गुन्हेगारही असतील ना?" असतील की. पण कोण निर्दोष हे खटल्याआधी आपण कसं ठरवणार? खटला त्यासाठीच तर असतो. शाळेतल्या मुलाला मदत करताना त्याची लायकी आपल्याला दिसते, निदान तसं वाटतं. इथे मात्र माणूस चांगला आहे की नाही हे न कळताच द्यायचं असतं, आणि तेच आपल्याला जड जातं.

नुसता वकील मिळूनही भागत नाही, हे कबूल. न्यूयॉर्कच्या कलीफ ब्राउडरला सरकारी खर्चाने वकील होता. बॅग चोरल्याचा आरोप, वय १६, जामीन तीन हजार डॉलर. घरच्यांकडे तेवढे नव्हते. गुन्हा कबूल केला असता तर तो लवकर घरी गेला असता. त्याने नकार दिला आणि रायकर्स आयलंडवर तीन वर्षं काढली. २०१३ मध्ये आरोप मागे घेतले गेले. २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. आमच्या इलिनॉयने २०२३ मध्ये पैशांचा जामीनच बंद केला.

बैठकीत हे सगळं सांगायला वेळ मिळाला नाही. पुढचा विषय गणपतीच्या जेवणाचा होता. काका तिथेच बसले होते, घरी जाताना म्हणाले, "तुझ्यासाठी सही केली तेव्हा मी तरी तुला कुठे ओळखत होतो?"