पोथीची मिळकत आणि रुग्णाचे देणे



पुस्तक लिहिणाऱ्याने पुस्तकाची मिळकत आजाऱ्यांच्या सेवेसाठी देऊन टाकली, तर त्याला दान म्हणावे की आणखी काही म्हणावे? प्रश्न दिसायला लहान आहे. पण ‘माझे’ म्हणजे नेमके काय, हा परमार्थातला जुना प्रश्न त्याच्या पोटात बसलेला आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

२०२० साली कोरोनाची साथ आली. ते वर्ष वारकऱ्याला सांगावे लागत नाही. त्या वर्षी आणि पुढच्या २०२१ सालीही पायी वारी झाली नाही. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या आणि आपण घरीच टाळ वाजविला. त्याच दिवसांत परदेशातल्या काही लेखकांनी एक गोष्ट केली. स्लोव्हेनिया देशातले तत्त्वचिंतक स्लावॉय झिझेक यांनी साथीवर एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्याचे आपले सगळे मानधन सरहद्दी न मानणाऱ्या डॉक्टरांच्या जगप्रसिद्ध संस्थेला देऊ केले. इंग्लंडात ॲडम के यांनी, जे पूर्वी स्वतः डॉक्टर होते, शंभर जणांकडून तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेविषयी लिहवून घेतले आणि त्या पुस्तकाचा नफा धर्मादाय कामाला, मुख्यतः त्या सेवेच्या मदतनिधींना, दिला. झिझेक हे स्वतःला नास्तिक म्हणवितात. असेनात का! देव न मानणाऱ्याच्या हातून जर देवाचे काम झाले, तर ते वारकऱ्याने आधी ओळखावे.

आता कोणी म्हणेल, “बुवा, ही सगळी जाहिरात. दान केल्याचे पाटीवर लिहिले की पुस्तक जास्त खपते.” दुसरा म्हणेल, “असे कसे? पैसा तर रुग्णाला पोचला ना!” दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. पण निवाडा करण्यापूर्वी हा पैसा कसला, ते पाहिले पाहिजे.

लेखकाला प्रकाशकाकडून पुस्तकाच्या दर प्रतीमागे जो ठरलेला हिस्सा मिळतो, त्याला रॉयल्टी म्हणतात. साधारणपणे तो छापील किमतीच्या दहा-पंधरा टक्के असतो. आपल्या देशात १९५७ च्या कायद्याने लेखनावरचा हक्क लेखकाचा ठरविला आहे, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो वारसांकडे राहतो. म्हणजे कष्ट एकदा केले आणि फळ नातवापर्यंत आले. नारळाचे झाड लावावे, तसेच हे.

अशी मिळकत घेणे गैर आहे काय? मुळीच नाही. गोरोबाकाकांनी मडकी विकली, सावतोबांनी मळा पिकविला, नरहरी सोनारांनी दागिने घडविले. आपल्या संतांनी घामाच्या पैशाला कधी नावे ठेविली नाहीत. लेखकाच्याही घरी चूल पेटावी लागते. संकट आले म्हणून ज्याचे पोटच लेखणीवर आहे, त्याच्याकडे “तू सगळे दे” असे बोट दाखविण्याचा अधिकार आपल्याला नाही. दान मागून घेता येते. पण लाजवून घेतलेले दान हे दान राहत नाही, तो दंड होतो.

मात्र पुस्तक कशावर लिहिले आहे, याने थोडा फरक पडतो. एखाद्याने प्रवासाचे पुस्तक लिहिले, त्याची मिळकत रुग्णांना दिली, तर ते शुद्ध दान. पण साथीवरच पुस्तक लिहिले असेल तर? त्या पुस्तकातले दुःख लेखकाचे एकट्याचे नाही. ज्यांनी श्वासासाठी तडफड केली, ज्या परिचारिकांनी रात्री जागविल्या, त्यांच्या यातनांवर ते पान उभे आहे. तिथे आलेला पैसा परत त्यांच्याकडे वळविणे हे दान कमी आणि परतफेड जास्त. परतफेड म्हटल्याने तिची किंमत कमी होत नाही, उलट वाढते. दान करणाऱ्याची मान ताठ होण्याचा धोका असतो. देणे फेडणाऱ्याची मान आपोआप खाली राहते.

याचा दाखला आपल्या घरातच आहे. १६२९ ते १६३१ या काळात महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. देहूच्या तुकोबांच्या घरी सावकारी होती. त्या दुष्काळात त्यांची पत्नी अन्नावाचून गेली. पुढे त्यांनी लोकांकडून येणे असलेली खते इंद्रायणीत बुडविली, ही कथा प्रत्येक माळकऱ्याला ठाऊक आहे. पण तिच्यातली एक बारीक गोष्ट आपण कीर्तनात घाईने सोडून देतो. तुकोबांनी सगळी खते बुडविली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा आधी वेगळा काढून त्यांना दिला, आणि फक्त आपल्या वाट्याची खते पाण्यात सोडली.

किती मोठा विचार आहे हा! खत म्हणजे काय? पुढे येणाऱ्या पैशावरचा हक्क. रॉयल्टी म्हणजे तरी दुसरे काय? हातातले नाणे देणे सोपे. उद्या येणाऱ्या नाण्यावरचा हक्क सोडणे अवघड, कारण आशेची गाठ तिथे बसलेली असते. तुकोबांनी ती गाठ सोडली. पण दुसऱ्याच्या हक्काला हात लावला नाही. वैराग्य आपल्या वाट्यापुरते, भावाच्या वाट्यावर वैराग्य दाखविणे हा अन्याय.

यावरून लेखकाच्या दानाला दोन नियम सापडतात. पहिला, जे आपले आहे तेच द्यावे. पुस्तकात छापणाऱ्याचे, बांधणाऱ्याचे, विकणाऱ्याचे आणि घरच्या माणसांचेही पोट आहे. दुसरा, जे दिले तेच सांगावे. दोनशे रुपयांचे पुस्तक घेणारा भाविक वाचक समजतो की आपले दोनशे रुपये इस्पितळात गेले. हिशेब मांडला तर दहा टक्क्यांनी वीस रुपये होतात. वीस रुपये थोडे नाहीत. पण वीसला दोनशे म्हणू देणे हे खोटे आहे. ‘मानधन दिले’, ‘नफा दिला’ आणि ‘विक्रीची सगळी रक्कम दिली’ ही तीन निरनिराळी वाक्ये आहेत. आणि वाचकानेही पुस्तक विकत घेऊन आपण दानधर्म उरकला, असे मानू नये. पुस्तक तर त्याच्या फडताळात आलेच की!

आता जाहिरातीचा आक्षेप. गुप्तदान श्रेष्ठ, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मग पुस्तकावर छापून केलेले दान हलके काय? इथे इंग्लंडातले एक जुने उदाहरण उपयोगी पडेल. जेम्स बॅरी नावाच्या लेखकाचे ‘पीटर पॅन’ हे मुलांचे नाटक १९०४ साली रंगभूमीवर आले आणि अतिशय गाजले. लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथे आजारी मुलांचे एक इस्पितळ १८५२ पासून चालले होते. तिथली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली १९४८ साली. त्यापूर्वी अशी इस्पितळे मोठ्या प्रमाणात देणग्यांवर चालत. १९२९ साली इस्पितळाच्या लोकांनी बॅरींना जागा खरेदीच्या समितीवर येण्याची विनंती केली. त्यांनी समितीवर येण्यास नकार दिला आणि थोड्याच दिवसांनी ‘पीटर पॅन’चे सगळे हक्कच इस्पितळाला देऊन टाकले. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. त्यांनी एक इच्छा मात्र सांगितली, की यातून किती पैसा मिळाला ते कोणास कळू नये. इस्पितळाने ती इच्छा पाळली. बॅरी १९३७ साली वारले. पन्नास वर्षांनी हक्काची मुदत संपली, तेव्हा ब्रिटिश संसदेने १९८८ च्या कायद्यात खास कलम घालून त्या देशापुरते मानधन इस्पितळाला कायमचे लावून दिले.

पाहा, दान झाले हे सर्वांना ठाऊक. किती झाले ते कोणालाच नाही. पैसा कुठे जातो ते सांगणे हा वाचकाला दिलेला हिशेब आहे, तो द्यावाच. मी केवढा मोठा, हे सांगणे हा अहंकार, तो गिळावा. जाहीर आणि गुप्त यांची सांगड अशी घालता येते. शिवाय बॅरींनी झाडाची फळे पाठविली नाहीत, झाडच दिले. संकटात माणसाचे मन द्रवते, खिसा उघडतो. साथ ओसरली की खिशाला पुन्हा गाठ. इस्पितळाला मात्र रुग्ण रोजचाच असतो. म्हणून एकदा भरभरून देण्यापेक्षा सतत झिरपत राहणारे दान अधिक कामाचे. विहिरीला पावसापेक्षा झऱ्याचा आधार.

महाराष्ट्रातही असे घडले आहे. १९८० नंतरच्या दशकात ‘गर्द’ नावाच्या विषाने शहरांतली तरुण मुले ग्रासली. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, आणि लेखनाच्या व रंगभूमीच्या मिळकतीतून उभ्या राहिलेल्या त्यांच्या प्रतिष्ठानाने मदतीचा हात पुढे केला. त्यातून १९८६ साली पुण्यास, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉ. अनिता अवचट यांच्या हाताखाली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. एका लेखकाच्या अक्षरांनी दुःख दाखविले, दुसऱ्याच्या अक्षरांच्या मिळकतीने दार उघडले.

“पण इस्पितळे चालविणे हे सरकारचे काम नव्हे काय?” असेही कोणी विचारील. आहेच. ते त्याने केलेच पाहिजे, आणि आपण ते मागितलेच पाहिजे. पण शेजारी पडला असता “सरकार उचलील” म्हणून वारकरी पुढे चालत नाही. दोन्ही हात हवेत, एक मागणारा आणि एक उचलणारा.

आता शेवटचा आणि खरा प्रश्न. आपण काही ग्रंथकार नाही, मग याचा आपल्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो थोडा बोचणारा आहे. आज अभंगांच्या ध्वनिफिती निघतात, कीर्तने मोबाइलवर ऐकली जातात, ज्ञानेश्वरी आणि गाथा छापून विकली जाते. यांतून पुष्कळांना पैसा मिळतो. कष्टाचा असेल तर मिळो. पण ज्यांच्या शब्दांवर हा सारा संसार चालतो, त्यांचे मानधन कोणी ठेवले आहे? ज्ञानोबांचे, नामदेवांचे, जनाबाईंचे, चोखोबांचे, तुकोबांचे? कायद्याने त्यांचा हक्क उरलेला नाही, वारस मागायला येत नाहीत. मागणारा नाही, म्हणून देणे फिटले काय? सावकार न आल्याने कर्ज बुडत नसते.

आणि तुकोबांनी कीर्तनाच्या मोबदल्याविषयी किती कडक शब्द वापरले आहेत, ते कीर्तनकारांना मी सांगावे असे नाही.

मग हे देणे कोणाला द्यावे? संतांनी स्वतःसाठी काही मागितलेच नाही. त्यांनी जो पत्ता दिला तो दुःखी माणसाचा. म्हणून संतांचे मानधन रुग्णाच्या उशाशी पोचले, की ते योग्य ठिकाणी पोचले. कीर्तनकाराने बिदागीतला, प्रकाशकाने गाथेच्या विक्रीतला, गायकाने ध्वनिफितीतला ठरलेला हिस्सा दरमहा बाजूला काढावा. तो थोडा असो, पण ठरलेला असो. ज्याला यांपैकी काहीच मिळकत नाही, त्याने पाठ असलेल्या अभंगांची आठवण ठेवून एकादशीला वाचलेल्या जेवणाचे पैसे गावच्या दवाखान्यातल्या गरीब रुग्णाच्या औषधाला द्यावेत. हरिपाठ आपण फुकट घेतला आहे. तो फुकट मिळाला, हेच आपल्यावरचे मोठे ऋण.

गाडगेमहाराजांनी नाशिक-पंढरपुरासारख्या ठिकाणी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः खापरात जेवले. लोकांनी दिलेला पैसा हातातून गेला, पण हाताला चिकटला नाही. लेखक असो, कीर्तनकार असो वा साधा टाळकरी, त्याने एवढेच पाहावे, की शब्दातून आलेला पैसा आपल्या हाताला चिकटतो आहे की पुढे वाहतो आहे. पुढे वाहिला तर इंद्रायणी, साचला तर डबके.

रामकृष्णहरी.