आडोशाची फांदी

लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणाऱ्या वाटेवर, ओढ्याकाठच्या कपारीत शीळकरी कस्तुराचे घरटे होते. पावसाळा हाच त्याच्या विणीचा काळ. छायाचित्राच्या आड येणारी एक फांदी मी हलकेच बाजूला बांधली. कावळ्याच्या नजरेपासून घरटे झाकणारी ती फांदी. मला ते ठाऊक होते. निघताना सोडलीही, परंतु तोवर पक्षी घरट्याकडे फिरकला नाही.

सालिम अलींच्या पिढीने अभ्यासापोटी बंदुकीने पक्षी टिपले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदूक गेली, कॅमेरा आला. ‘टिपणे’ हे क्रियापद तेवढे राहिले! प्रेमाने पाहणाऱ्याला समोरच्याचा आडोसा दूर सारण्याचा अधिकार लाभतो काय?

छायाचित्र उत्तम आले आहे. पिलांच्या उघड्या चोची स्पष्ट दिसतात. अद्याप ते कोणाला दाखविण्याचे धैर्य मला झालेले नाही.