पहारा आणि पाळत

पहारा आणि पाळत हे आपल्या भाषेतील दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत. पहारा वाड्याला असतो, खजिन्याला असतो, गावाच्या वेशीला असतो. पाळत माणसावर असते. पहारेकरी सर्वांना दिसतो, किंबहुना तो दिसावा म्हणूनच त्याला दारात उभा केलेला असतो. पाळत ठेवणारा दिसला की त्याचे काम फसले. ज्यांनी हे दोन शब्द वेगळे राखले त्यांना नीतिशास्त्राचा एक मोठा भेद ठाऊक होता, असे म्हणण्यास हरकत नाही. संस्थांच्या संगणकजाळ्यांवर नजर ठेवणारी जी सॉफ्टवेअरे आज बाजारात मिळतात, त्यांच्या बाबतीत मात्र हा भेद पुसट होत चालला आहे. तेच साधन सकाळी पहारा देते आणि दुपारी पाळत ठेवते, आणि सकाळ कधी संपली हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

अशी साधने संस्थेने ठेवावीत की नाही, या प्रश्नावर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. 2018 च्या ऑगस्टात पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले, तेव्हा तिजोरीला कोणी हात लावला नव्हता. बनावट कार्डे निरनिराळ्या देशांतील यंत्रांत सरकवून पैसे काढण्यात आले, आणि ज्या संगणकीय व्यवस्थेने ‘थांबा’ म्हणावयाचे तिच्याच जागी चोरांनी आपली व्यवस्था बसविली होती. सहकारी बँका, पतपेढ्या, शिक्षणसंस्था, रुग्णालये यांच्या हाती दुसऱ्यांचे धन आणि दुसऱ्यांची गुपिते असतात. विश्वस्ताने आपल्या घराचे दार उघडे टाकले तर तो त्याचा स्वभाव झाला. ठेवीदारांच्या घराचे दार उघडे टाकले तर तो विश्वासघात होय. ‘आमचा आमच्या माणसांवर पूर्ण विश्वास आहे, आम्हांला पहाऱ्याची गरज नाही’ असे म्हणणारे चालक आम्ही पाहिले आहेत. त्यांचे औदार्य परक्याच्या पैशांवर उभे असते.

तेव्हा प्रश्न उरतो तो निवडीचा. येथे संस्थांची वहिवाट ठरलेली आहे. तीन विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवावयाची, एक तुलनेचा तक्ता करावयाचा, त्यात किंमत, वेग, साठवण आणि दुरुस्तीची हमी असे रकाने पाडावयाचे, आणि खालची बेरीज पाहून मंजुरी द्यावयाची. ही निवड तांत्रिक आहे असे सर्वांनाच वाटते. आमचे म्हणणे असे की ती प्रथम नैतिक आहे आणि तांत्रिक नंतर; कारण या साधनांत जो फरक आहे तो केवळ शक्तीचा नाही, ती काय पाहतात आणि काय लक्षात ठेवतात याचा आहे.

उदाहरणार्थ, 1998 साली निघालेले स्नॉर्ट आणि त्यानंतरचे सुरिकाटा ही दोन साधने मुख्यतः ओळखीचा चोर पकडणारी आहेत. कोणत्या हल्ल्याची काय खूण, याची एक यादी त्यांच्यापाशी असते; जाळ्यातून जाणारे प्रत्येक पुडके त्या यादीशी ताडून पाहावयाचे, खूण पटली तर ओरडावयाचे, न पटली तर बहुधा सोडून द्यावयाचे. नवा चोर, ज्याचा चेहरा यादीत नाही, तो यांच्या डोळ्यांदेखत निघून जातो. झीक नावाच्या साधनाची रीत वेगळी. ते मूळात ओरडण्यासाठी नाहीच. ते रोजनिशी लिहिते. कोणता संगणक कोणाशी, किती वाजता, किती वेळ बोलला, किती माल आला आणि किती गेला, हे सारे ते टिपून ठेवते, मग त्यात संशयास्पद काही असो वा नसो. वाझू नावाचे तिसरे साधन वेशीवर न थांबता प्रत्येकाच्या टेबलावरील संगणकात आपला एक हस्तक बसविते. कोणती फाईल बदलली, कोणी कोणत्या नावाने प्रवेश केला, याची वर्दी तो हस्तक मध्यवर्ती ठाण्याला देतो. आणि स्प्लंकसारखी जी मोठी, महागडी साधने आहेत, ती या सर्व वर्द्या एकत्र ओतून त्यांत हवा तो शोध घेऊ देतात. त्यांची किंमत पुष्कळदा रोज किती मजकूर आत ओतला यावर ठरते. त्यामुळे संयमाचा थोडाफार लाभ तेथे बिलातच दिसतो, ही एक गमतीची गोष्ट.

चोर ओळखणारा, रोजनिशी लिहिणारा, घरात येऊन बसणारा आणि सर्वांच्या वह्या गोळा करणारा अशा या चार प्रकारच्या नोकरांना एकाच तक्त्यात गुण द्यावयाचे म्हणजे पहारेकरी, कारकून, हेर आणि दफ्तरदार यांची उंची मोजून त्यांतील एकाला नेमण्यासारखे आहे.

झीकची एक हकीकत येथे सांगितली पाहिजे. ते 1995 साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हर्न पॅक्सन यांनी रचले आणि त्याचे नाव ठेवले ‘ब्रो’. हे नाव ऑर्वेलच्या कादंबरीतील त्या सर्वसाक्षी ‘बिग ब्रदर’वरून मुद्दाम घेतलेले होते: जाळ्यावर नजर ठेवण्याचे सामर्थ्य आणि लोकांच्या खाजगी आयुष्यात शिरण्याचा धोका यांत अंतर फार थोडे आहे, याची वापरणाऱ्याला रोज आठवण राहावी म्हणून. शस्त्र घडविणाऱ्याने मुठीवरच इशारा कोरावा, अशी उदाहरणे थोडी. पुढे इंग्रजी बोलीत त्या शब्दाला भलतेच संदर्भ चिकटले, आणि 2018 साली नाव बदलण्यात आले. बदलाची कारणे योग्यच होती. तथापि त्या नावाबरोबर तो इशाराही गेला याचे आम्हांला वाईट वाटते.

आता यातील खरा मर्मभेद पाहू. आज जाळ्यावरील बहुतेक मजकूर बंद पाकिटातून जातो. पहाऱ्यावरील साधनाला पाकिटावरचा पत्ता बहुधा दिसतो, आतले पत्र दिसत नाही. परंतु संस्थेची इच्छा असेल तर वाटेत एक टपालघर बसविता येते, जे प्रत्येक पाकीट फोडते, वाचते, पुन्हा चिकटविते आणि पुढे धाडते. विक्रेते या सोयीची किंमत सांगतात, तिचे नैतिक वजन सांगत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली टेलिफोन चोरून ऐकण्यासंबंधीच्या खटल्यात सरकारवर अशी बंधने घातली की असा हुकूम गृहसचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच द्यावा, दोन महिन्यांनी तो आपोआप संपावा आणि एका समितीने त्याची छाननी करावी. एका नागरिकाचे बोलणे ऐकण्यासाठी राज्यसंस्थेला इतक्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि एखाद्या लहानशा संस्थेतील संगणक सांभाळणारा तरुण मात्र एक खूण करून दीडशे माणसांची पाकिटे फोडू शकतो! त्याला कोणी हुकूम दिला, किती दिवसांसाठी दिला, हे कोठेही लिहिलेले नसते.

पण पाकीट न फोडताही पुष्कळ कळते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेतील खातेनिहाय चौकशीचे कागद आमच्याकडे अभिप्रायासाठी आले. आरोप एका लिपिकावर होता आणि तो उशिरा येण्याचा होता, याहून अधिक काही नाही. मात्र आरोपपत्रासोबत तीन महिन्यांतील त्याच्या संगणकाच्या भेटींची यादी परिशिष्ट म्हणून जोडली होती. तीत पत्रांतील एक अक्षरही नव्हते. केवळ पत्ते आणि वेळा. त्या पत्त्यांत एका डायलिसिस केंद्राचे नाव आठवड्यातून दोनदा येत होते. चौकशी अधिकारी, दोन साक्षीदार, टंकलेखक, सर्वांनी ते वाचले. ज्या गोष्टीविषयी त्या गृहस्थाने शेजारच्या टेबलावरही शब्द काढला नव्हता, ती संस्थेच्या दफ्तरात क्रमांक पडून दाखल झाली. हे साधन खरेदी करताना ठरावात लिहिले होते, ‘बाह्य हल्ल्यांपासून संरक्षणार्थ’. चोरासाठी आणलेला दिवा घरातल्या माणसाच्या अंथरुणावर धरला गेला, आणि तो धरणाऱ्यांपैकी एकालाही आपण काही वावगे करीत आहोत असे वाटले नव्हते.

‘ज्याचे काही लपविण्यासारखे नाही त्याला भय कसले?’ असे येथे विचारले जाते. हा युक्तिवाद आम्हांला नेहमीच आळशी वाटत आला आहे. लपविणे आणि न सांगणे यांत भेद आहे. आजार, कर्ज, मुलीच्या लग्नाची बोलणी, दुसरीकडे केलेला नोकरीचा अर्ज यांत लज्जास्पद काय आहे? पण ती कोणाला आणि केव्हा सांगावयाची हे ठरविण्याचा अधिकार गेला की माणसाची प्रतिष्ठा गेली. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला, त्याच्या मुळाशी प्रतिष्ठेचीच कल्पना आहे. त्यानंतर बाराच दिवसांनी, 5 सप्टेंबरला, युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने बार्बुलेस्कू विरुद्ध रुमानिया या दाव्यात एका कर्मचाऱ्याच्या बाजूने निर्णय दिला. त्याचे कार्यालयीन संदेश मालकाने वाचले होते. त्यांत भावाला आणि वाग्दत्त वधूला लिहिलेले संदेशही होते. कार्यालयात खाजगी वापराला बंदी होती, हे न्यायालयाने मान्य केले; तरीही पाळत ठेवली जाईल, कोणत्या स्वरूपाची आणि कितपत खोल, हे आधी सांगितले होते काय, आणि याहून सौम्य उपाय नव्हता काय, हे पाहिलेच पाहिजे असे सांगितले. बंदी घातली म्हणजे वाचण्याचा परवाना मिळाला असे नव्हे.

आमचा कायदा यापुढे थोडा अपुरा पडतो. 2023 च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला हानीपासून वाचविण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीवाचून वापरण्याची मुभा दिली आहे. यावर पुष्कळांनी टीका केली. आम्हांला ती तरतूद निदान प्रामाणिक वाटते. नेमणूकपत्रावर सही करताना ज्याच्यापुढे ‘होय’ किंवा ‘घरी जा’ एवढेच दोन मार्ग असतात, त्याच्या सहीला संमती म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. पण संमतीचे सोंग टाकले की जबाबदारी मालकावर दुपटीने येते, हे कायदा पुरेशा मोठ्याने सांगत नाही. गंमत अशी की जेथे संमती लागते तेथे सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीत आणि कोंकणीतही, मागण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे. जेथे संमती लागत नाही तेथे तो प्रश्नच उद्भवत नाही. पणजीतल्या वा बेळगावातल्या कारकुनाला आपल्यावर पाळत आहे हे इंग्रजीतून कळले काय आणि न कळले काय, सारखेच.

कौटिल्याला कोणी भाबडा म्हणणार नाही. हेरांचे एवढे मोठे जाळे त्याने रचले. पण एका हेराच्या बातमीवर राजाने विसंबू नये, परस्परांस अपरिचित अशा तिघांचे म्हणणे जुळावे, असे त्यानेच सांगितले. अमात्यांची परीक्षा घेताना निर्मळ माणसाला परीक्षेनेच नासवू नये, ही सूचनाही त्याचीच. शिवकालीन गडांवर हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांचे अधिकार वाटून दिलेले असत; किल्ल्या, हिशेब आणि कोठार एका हाती नसत. तक्त्यात आम्हांला हे रकाने पाहावयाचे आहेत. या साधनात नोंदी कोण पाहू शकतो? पाहणाऱ्याचीही नोंद होते काय, आणि ती त्याला पुसता येते काय? नावे झाकून नोंद पाहता येते काय, आणि नाव उघडण्यास दोघांच्या किल्ल्या लागतात काय? 28 एप्रिल 2022 च्या सरकारी निर्देशांनी नोंदी 180 दिवस ठेवण्याचे बंधन घातले आहे. पण कायद्याने लागणारी मुदत संपल्यावर त्या आपोआप नष्ट होतात काय?

आणखी एक रकाना ऐकणाऱ्याचा. 2013 साली अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली. पुढे प्रसिद्ध झाले की साधनाने इशारा दिला होता, बंगळूरच्या पथकाने तो पाहून पुढे कळविलाही होता. मुख्यालयात त्यावर हालचाल झाली नाही. रोज शेकडो खोट्या हाका ऐकणाऱ्याचा कान खरी हाक ओळखीत नाही. ज्या नोंदी वाचण्यास माणूसच नाही, त्या चोर पकडीत नाहीत; कोणावर राग धरला गेला की त्याच्याविरुद्ध उघडण्यासाठी मात्र पडून राहतात. आणि 2020 साली सोलरविंड्स कंपनीच्या जाळ्यावर देखरेख करणाऱ्या साधनातूनच हेर अमेरिकेच्या सरकारी कचेऱ्यांत शिरले, कारण त्या साधनाला सर्व दारे उघडी होती. जो सर्व पाहतो तो फितूर झाला की सर्व जाते. म्हणून कमी पाहणारे साधन हे पुष्कळदा अधिक सुरक्षितही असते.

सध्या एका पतपेढीच्या निवडसमितीत आम्ही बसतो. तेथे सुरिकाटा वेशीवर, वाझू फक्त हिशेबाच्या सर्व्हरांवर, पाकिटे फोडावयाची नाहीत, आणि नाव उघडण्यास व्यवस्थापक व कर्मचारी प्रतिनिधी अशा दोघांच्या किल्ल्या, एवढे मान्य झाले आहे. कर्मचाऱ्यांना द्यावयाच्या सूचनेचा मराठी मसुदाही तयार आहे. अध्यक्ष आणि संचालक यांचे संगणकही याच नजरेखाली यावेत, या कलमावर मात्र दोन बैठका झाल्या. तिसरी पुढल्या महिन्यात आहे.