मातीचं देणं



भाजीचे पैसे शेतकऱ्याला मिळतात. मातीला काय मिळतं? ती मागत नाही, म्हणून आपलं देणं संपत नाही.

हे आपल्याच इंदूरने जगाला दाखवलं. आताच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर रचून, ढीग उलटवून, तीनेक महिन्यांत खत करायची ‘इंदूर पद्धत’ बसवली. १९३१ साली तिच्यावर पुस्तक आलं.

ओला कचरा आपण वेगळा काढतोच. मग ज्याच्याकडून सेंद्रिय भाजी घेतो, त्याच्या शेतावर कॉलनीतल्या चार घरांनी मिळून सालं-देठं पोहोचवली तर? फक्त याला सेवा म्हणू नका, त्यात ‘मी दिलं’ शिरतं. शेजारणीकडून उसनी आणलेली साखर परत करताना आपण दान म्हणतो का?