पूर्ण म्हणजे किती?

लॅपटॉप टेबलावर नीट बसत नाही, एका कोपऱ्यावर डुलतो. टचपॅड मधोमध वर आलेलं, दाबलं तरी क्लिक होत नाही. मागचं झाकण उघडलं की एरवी चपट्या असणाऱ्या चंदेरी पिशव्या टम्म झालेल्या दिसतात. 'बॅटरी फुगली' हे निदान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात ओळखीचं आहे. बरेचदा असा लॅपटॉप वर्षानुवर्षं चार्जरला जोडून ठेवलेला असतो. बॅटरी कधी उतरू नये, एवढीच मालकाची इच्छा असते.

चार्जर लावून ठेवला की बॅटरीत वीज कोंबली जात राहते, हा समज मात्र खरा नाही. बॅटरी भरली की सर्किट चार्जिंग थांबवतं आणि लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो. अपाय होतो तो काठोकाठ भरून बसून राहण्याने. भरलेल्या सेलमध्ये व्होल्टेज सर्वांत जास्त असतं. सेलमधल्या ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडच्या बाजूला आतला द्रव विघटित होऊन एक थर जाड होत जातो आणि त्यात कामाचं लिथियम कायमचं अडकतं. धातूच्या ऑक्साइडच्या इलेक्ट्रोडच्या बाजूला त्याच द्रवाचं ऑक्सिडीकरण होतं. त्यातून वायू सुटतो. शेजारी प्रोसेसर तापलेला असेल, तर हे सगळं आणखी वेगाने घडतं. म्हणजे बॅटरी न वापरताही म्हातारी होते, आणि भरलेली असली तर लवकर होते.

इथे प्रश्न तंत्रज्ञानापुरता राहत नाही. भरलेलं म्हणजे सुरक्षित, हे माणसाने इतक्या सहज कसं मानलं?

मुळात 'शंभर टक्के' हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. जॉन गुडइनफ यांनी १९८० साली ऑक्सफर्डमध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा इलेक्ट्रोड मांडला. सोनीने १९९१मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तेव्हाही हेच ऑक्साइड वापरलं होतं. अशी बॅटरी ४.२ व्होल्टला 'पूर्ण' मानली जाई. त्या क्षणी ऑक्साइडमधलं साधारण निम्मं लिथियम जागेवरच असे, कारण त्याहून जास्त काढलं तर स्फटिकाची रचना डळमळू लागते. पूर्णाची व्याख्या करतानाच अर्धं राखून ठेवलेलं होतं! पूर्ण ही वस्तूची अवस्था नसून वापरणाऱ्यांनी आखलेली रेघ आहे, आणि ती रेघ थोडी अलीकडे आणायला कुणाची हरकत नसावी.

ती अलीकडे आणण्याचं शास्त्र जैन परंपरेने फार पूर्वी माणसाच्या पोटासाठी बांधलं. बाह्य तपांमध्ये अनशनानंतर लगेच ऊनोदरी येते. ऊनोदरी म्हणजे उपवास नव्हे. ताट समोर आहे, भूकही आहे, तरी पोट भरायच्या आधी हात आखडता घ्यायचा. ग्रंथांत पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा धरला आहे आणि त्यातला एक घास कमी केला तरी ते तप ठरतं. बारकाई पाहण्यासारखी आहे: अन्न वाईट म्हणून ते सोडायचं नाही, जेवता जेवता मर्यादा पाळायची. वाग्भटानेही अष्टांगहृदयात पोटाचा चौथा भाग वायूसाठी मोकळा ठेवायला सांगितलं आहे. जपानमध्ये तर पोट आठ दशांश भरलं की थांबावं, अशी जुनी शिकवण आहे. लेनोवो, आसूस, डेल यांच्या अनेक लॅपटॉपांत चार्जिंगला मर्यादा घालण्याची सोय असते, आणि ती पुष्कळदा ऐंशी टक्क्यांचीच असते. हा योगायोग असेल, पण विलक्षण सुंदर आहे.

तरी ऐंशीचा आकडा बसवला म्हणजे संयम साधला, असं म्हणता येत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून केलेली नाही, वस्तूविषयीच्या मूर्च्छेवरून म्हणजे आसक्तीवरून केली आहे. या कसोटीवर 'बॅटरी हेल्थ'चा आकडा रोज तपासणारा, एक टक्का घसरला की कासावीस होणारा माणूस कायम शंभरवर ठेवणाऱ्याइतकाच बांधलेला आहे. एकाला रिकामं होण्याची भीती, दुसऱ्याला झिजण्याची. बॅटरी दोघांकडेही झिजणारच आहे. काळजी घेणं आणि कवटाळणं यांतला फरक सेटिंगमध्ये सापडत नाही, तो ज्याचा त्यालाच ओळखावा लागतो.

म्हणून जैन आचारातल्या प्रत्याख्यानाची, म्हणजे त्यागाचा नियम घेण्याची, पद्धत इथे फार शहाणपणाची वाटते. तिथे पुष्कळ नियम मुदतीचे असतात. नवकारशीत सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं अन्नपाणी घ्यायचं नाही, मग नियम पारायचा, म्हणजे सोडायचा. लॅपटॉपलाही हेच लावावं. तो महिनोन्महिने एकाच टेबलावर, चार्जरला जोडलेला असतो तेव्हा मर्यादा साठ-ऐंशीवर ठेवावी आणि हवा जाण्याच्या जाळ्या मोकळ्या राखाव्यात. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढून टाकावी. आणि ज्या गावात रोज तासन् तास वीज जाते, तिथल्या विद्यार्थ्याने बॅटरी खुशाल शंभरपर्यंत भरावी. त्याच्या बॅटरीत साठलेली वीज संध्याकाळच्या अभ्यासात खर्च होणार आहे.